डायरेक्ट ड्राइव्ह टर्नटेबलला नवं कार्ट्रिज: घेण्याआधी आणि बसवताना

भाच्याने दिवाळीच्या बोनसमधून ऑडिओ-टेक्निकाचं एलपी१२० टर्नटेबल घेतलं. अंबडच्या एमआयडीसीत नोकरी, सिडकोत दोन खोल्या, आणि आजोबांच्या माळ्यावरून खाली आलेल्या साठ-सत्तर रेकॉर्ड. तीन महिन्यांत त्याचा फोन आला, "मामा, आता कार्ट्रिज बदलतो. हे सात पर्याय निवडलेत, यातलं चांगलं कुठलं?" सातही नावं चांगलीच होती. मी विचारलं, "तुझ्याकडे रेकॉर्ड कसल्या आहेत? आणि पिनेचा दाब कधी तपासलास?" पलीकडे शांतता. त्यानंतरचे चार रविवार आम्ही दोघांनी मिळून जे केलं, तेच इथे क्रमाने लिहितो आहे. नुकतंच टर्नटेबल घेतलेल्या कुणालाही ते लागू पडेल.

आधी दोन शब्दांचा घोळ मिटवू. आपल्या घरांत सगळ्यालाच 'पिन' म्हणतात. पण रेकॉर्डच्या खाचेत फिरतो तो हिऱ्याचा कण, तो ज्या बारीक नळीच्या टोकाला बसवलेला असतो तो कँटिलिव्हर, आणि या दोघांना धरणारा प्लास्टिकचा तुकडा, एवढं मिळून झाली पिन. तिच्यामागे चुंबक आणि तारेची वेटोळी असलेला जो ठोकळा आर्मच्या पुढच्या टोकाला, म्हणजे हेडशेलला, स्क्रूने बसतो, ते कार्ट्रिज. बहुतेक साध्या कार्ट्रिजची पिन ओढून काढता येते आणि नवी ढकलून बसवता येते. हे लक्षात ठेवा, पुढे पैसे वाचतील.

डायरेक्ट ड्राइव्ह म्हणजे मोटर आणि थाळी यांच्यामध्ये पट्टा नाही, थाळी थेट मोटरच्या दांड्यावर. टेक्निक्स या जपानी कंपनीने १९७० मध्ये एसपी-१० काढलं, १९७२ मध्ये एसएल-१२०० आणलं. आज बाजारात दिसणारी बरीचशी डायरेक्ट ड्राइव्ह टर्नटेबलं त्याच्याच वळणाची आहेत, भाच्याचं एलपी१२० पण. मोटर थेट आहे म्हणून कार्ट्रिज वेगळं लागतं असं काही नाही. फरक पडतो तो या टर्नटेबलांवर हटकून येणाऱ्या आर्मचा: इंग्रजी एस अक्षरासारखा वाकडा, मध्यम वजनाचा, पुढचं हेडशेल नट फिरवून काढता येणारा. कार्ट्रिज निवडायचं ते या आर्मकडे बघून.

पायरी १: आहे तेच आधी नीट लावा

ही पायरी सगळे गाळतात. भाच्याच्या एलपी१२० वर कंपनीचं व्हीएम९५ई कार्ट्रिज होतं. त्याला २ ग्रॅम दाब लागतो, म्हणजे पिन रेकॉर्डवर तितक्या वजनाने टेकायला हवी, १.८ ते २.२ च्या मध्ये कुठेही चालतो. मी दाब मोजायचा छोटा डिजिटल काटा नेला होता. आकडा आला १.३. झालं असं, की दाब लावण्याआधी मागचं वजन फिरवून आर्म अधांतरी तरंगवताना तो किंचित वर कलत होता, आणि त्याने तेच 'सपाट' धरून मागच्या वजनावरची आकड्यांची रिंग शून्यावर आणली होती. पुढे दोनपर्यंत फिरवलं, पण सुरुवातच चुकलेली.

कमी दाबाने रेकॉर्ड जपली जाते असा एक समज आहे. उलट होतं. दाब कमी पडला की हिरा खाचेच्या भिंतींना धरून राहत नाही, मोठ्या आवाजाच्या जागी उडतो आणि पुन्हा आपटतो. रेकॉर्ड खराब होते ती या आपटण्याने. दोन ग्रॅम नीट लावल्यावर तबल्याचा डग्गा पहिल्यांदा डग्ग्यासारखा वाजला, आणि भाचा म्हणाला, "म्हणजे नवीन नको?" मी म्हटलं, "पंधरा दिवस हेच ऐक, मग ठरव."

तुम्हीही तेच करा. दाब तपासा, पिन भिंगाखाली बघा, पिनेवर लोकरीसारखा गोळा चिकटलाय का ते बघा. इतकं करूनही काही खटकत असेल, तर काय खटकतं ते कागदावर लिहा. 'आवाज चांगला नाही' असं मोघम नको. 'शेवटच्या गाण्यात स आणि श फाटतात', 'डावीकडचा आवाज बारीक', 'सगळं बोथट' असं नेमकं लिहा. नवं कार्ट्रिज या ओळीसाठी घ्यायचं आहे.

पायरी २: रेकॉर्डची पेटी उघडा

कार्ट्रिजच्या गप्पांमध्ये कुणी रेकॉर्डबद्दल विचारत नाही, याचं मला नवल वाटतं. नाशिकच्या घरांतून निघणाऱ्या पेट्या साधारण सारख्या असतात: कोलकात्याच्या डमडम कारखान्यात दाबलेल्या एचएमव्हीच्या नाट्यसंगीताच्या, भावगीतांच्या, शास्त्रीय गायनाच्या एलपी, हिंदी सिनेमाच्या सात इंची ईपी, आणि तळाशी ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे मारणाऱ्या, लाखेच्या जड तबकड्या. यातल्या बऱ्याच रेकॉर्ड सुटकेससारख्या प्लेअरवर, सिरॅमिक कार्ट्रिजच्या जड दाबाखाली, वर्षानुवर्षं एकाच पिनेने वाजलेल्या असतात. त्यांच्या खाचा झिजलेल्याच आहेत. कुठलंही कार्ट्रिज त्या परत आणत नाही.

पेटीचे तीन ढीग करा. पहिला ढीग चांगल्या स्थितीतल्या स्टिरिओ एलपींचा आणि नव्याने छापून आलेल्या रेकॉर्डचा. दुसरा जुन्या मोनो रेकॉर्डचा. तिसरा ७८ चा.

मोनोचा ढीग तुम्हाला वाटतो त्याहून मोठा निघेल. स्टिरिओ एलपी बाजारात रुळल्या त्या १९५८ पासून पुढे. आपल्या नाशिकात १९२१ साली जन्मलेले द. वि. पलुस्कर १९५५ मध्ये गेले, म्हणजे त्यांचं मूळ ध्वनिमुद्रण मोनोच, नंतरच्या एलपीच्या वेष्टनावर काहीही छापलेलं असो. अशी रेकॉर्ड साध्या स्टिरिओ कार्ट्रिजवर खुशाल वाजते, वेगळं मोनो कार्ट्रिज लागतंच असं नाही. फक्त अँपला मोनोचं बटण असेल तर ते दाबा. मोनो रेकॉर्डमध्ये गाणं आडव्या हालचालीत कोरलेलं असतं. धूळ आणि झीज पिनेला उभंही हलवते. दोन्ही बाजू एकत्र केल्या की ती उभी खरखर बरीचशी आपसांत कटते. हा फुकटचा उपाय करून बघितल्यावर मी स्वतः मोनो कार्ट्रिज घ्यायचा बेत सोडून दिला.

७८ चा ढीग मात्र वेगळाच. त्यांची खाच एलपीच्या खाचेपेक्षा कितीतरी रुंद. एलपीच्या गोल पिनेचं टोक साधारण १८ मायक्रॉन त्रिज्येचं असतं, ७८ ला सुमारे ७५ मायक्रॉनचं लागतं. एलपीची पिन तिथे तळाशी घासत फिरते, गाणं कमी आणि कचरा जास्त ऐकू येतो. शिवाय टर्नटेबलला ७८ चा वेग हवा. एलपी१२० ला तो आहे, टेक्निक्सच्या जुन्या एसएल-१२०० एमके२ ला नाही.

पायरी ३: फोनो प्रीअँप काय घेतो ते बघा

फोनो प्रीअँप म्हणजे कार्ट्रिजचा बारीक संकेत अँपला झेपेल इतका मोठा करणारा भाग. तो टर्नटेबलच्या पोटात असतो किंवा अँपमध्ये. कार्ट्रिजचे दोन मोठे प्रकार. मूव्हिंग मॅग्नेटमध्ये पिनेबरोबर चुंबक हलतो, ३ ते ६ मिलिव्होल्ट निघतात, पिन बदलता येते. मूव्हिंग कॉइलमध्ये वेटोळं हलतं, बहुतेकांत निघतात जेमतेम ०.२ ते ०.५ मिलिव्होल्ट, आणि पिन झिजली की सगळं कार्ट्रिजच बदलावं लागतं किंवा कारागिराकडे पाठवावं लागतं. टर्नटेबलच्या पोटातले प्रीअँप बहुधा मूव्हिंग मॅग्नेटपुरतेच असतात. त्याला मूव्हिंग कॉइल जोडलं की आवाज इतका बारीक येतो की अँप पूर्ण उघडावा लागतो, आणि मग गाण्याबरोबर सुसकाराही मोठा होतो. पहिल्या बदलासाठी मूव्हिंग मॅग्नेट घ्या, यावर मी ठाम आहे.

टर्नटेबलच्या मागे फोनो-लाइन असं बटण असेल तर ते नीट बघा. अँपच्या फोनो सॉकेटला वायर लावली असेल तर बटण फोनोवर, ऑक्सला लावली असेल तर लाइनवर. दोन प्रीअँप एकामागे एक लागले तर आवाज फाटतो, आणि दोष कार्ट्रिजच्या माथी येतो.

एक बारीक गोष्ट, वाटलं तर सोडून द्या. मूव्हिंग मॅग्नेटला ४७ किलो-ओहमचा भार लागतो, तो जवळपास सगळीकडे असतोच. पण वायर आणि प्रीअँप मिळून किती पिकोफॅरड कपॅसिटन्स होतो याचाही परिणाम होतो. ऑडिओ-टेक्निकाचं व्हीएम९५ घराणं १०० ते २०० सांगतं, ऑर्टोफॉनचं २एम रेड १५० ते ३००. लांबलचक स्वस्त वायर लावली की हा आकडा फुगतो आणि वरच्या पट्टीत टोचरा आवाज येतो. वायर छोटी ठेवा.

पायरी ४: आर्म आणि कार्ट्रिजची जोडी जुळवा

लग्नात पत्रिका बघतात तसं हे आहे, फरक इतकाच की इथे गणित खरोखर लागू पडतं. पिनेचा कँटिलिव्हर रबरावर टेकलेला असतो, म्हणजे ती एक स्प्रिंग. आर्म आणि कार्ट्रिजचं वजन त्या स्प्रिंगवर लटकलेलं. ही जोडी एका ठरावीक कंपनसंख्येला झुलते. हा आकडा ८ ते १२ हर्ट्झच्या मध्ये असावा. त्याहून खाली गेला तर वाकलेल्या रेकॉर्डच्या लाटेबरोबर आर्म डोलायला लागतो. फार वर गेला तर खर्जाच्या सुरांत लुडबुड करतो.

हिशेब असा. आर्मचं परिणामी वजन (इफेक्टिव्ह मास, म्हणजे हलताना जाणवणारं वजन), कार्ट्रिजचं वजन आणि स्क्रूचं वजन ग्रॅममध्ये मिळवा. त्याला कार्ट्रिजच्या कंप्लायन्सने, म्हणजे त्या स्प्रिंगच्या मऊपणाच्या आकड्याने, गुणा. वर्गमूळ काढा. १५९ ला त्याने भागा.

टेक्निक्स एमके२ चा आर्म १२ ग्रॅमचा. त्यावर ऑर्टोफॉन २एम रेड, वजन ७.२, कंप्लायन्स २०. स्क्रू अर्धा ग्रॅम धरले तर एकूण १९.७, गुणिले २० म्हणजे ३९४, वर्गमूळ १९.८, उत्तर ८ हर्ट्झ. काठावर, पण चालतं. त्यावर जड हेडशेल घातलं तर मात्र खाली घसरेल.

जपानी कंपन्यांच्या कागदावर इथे फसगत होते. त्या बऱ्याचदा कंप्लायन्स १०० हर्ट्झला मोजून देतात, युरोपातल्या १० हर्ट्झला. व्हीएम९५ई चा कागदावरचा आकडा ७ आहे. तो तसाच हिशेबात घातला तर वाटेल की कार्ट्रिज फारच ताठ आहे. १०० हर्ट्झचा आकडा दीडपट ते दुप्पट करून घ्यायचा असा ढोबळ रिवाज आहे. ७ चे १२ धरले, कार्ट्रिजचं वजन ६.१ धरलं, तर त्याच आर्मवर उत्तर येतं १०.६. अगदी मधोमध.

तुमच्या आर्मचा आकडा बऱ्याचदा माहितीपुस्तिकेत असतो. एस आकाराच्या आर्मवर आणि नेहमीच्या हेडशेलवर मध्यम कंप्लायन्सचं कार्ट्रिज सहसा जुळतं, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. कागदावर एकदा मांडून बघायचं, एवढंच.

हेडशेलच्या तळाशी दोन स्क्रू अर्ध्या इंचावर असतील तर बाजारातली बहुतेक कार्ट्रिजं बसतील. सरळ रेषेत सरकणाऱ्या आर्मची काही जुनी डायरेक्ट ड्राइव्ह टर्नटेबलं, उदाहरणार्थ १९७९ चं टेक्निक्स एसएल-१०, वेगळ्या खोचायच्या कार्ट्रिजची असतात. त्यांचा दाब १.२५ ग्रॅमवर ठरलेला. त्यांना हा लेख फारसा लागू नाही.

पायरी ५: हिऱ्याचा आकार

पैसे खरे जातात ते इथे. एकाच घराण्यातल्या दोन कार्ट्रिजचा ठोकळा बहुधा तोच असतो, फरक हिऱ्याचा.

गोल टोकाची पिन सगळ्यांत स्वस्त, लावायला सोपी, जरा वाकडी बसली तरी माफ करते. लंबगोल पिन खाचेच्या बारीक वळणांत जास्त शिरते. त्यापुढे आणखी बारीक कडांच्या मायक्रोलाइन आणि शिबाता. शिबाताचा जन्म सत्तरच्या दशकात जपानात झाला, चार स्पीकरच्या रेकॉर्डवरचे ऐकू न येण्याइतके उंच संकेत वाचता यावेत म्हणून. त्या रेकॉर्ड बंद पडल्या, पिन टिकली.

महागड्या आकाराचा उपयोग रेकॉर्डच्या आतल्या बाजूला सगळ्यांत जास्त जाणवतो, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे मारते. बाहेरच्या कडेला पिनेखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते. लेबलजवळ येईपर्यंत ती २१ वर येते. तितकंच गाणं निम्म्याहून कमी जागेत कोंबलेलं. जाड टोकाची पिन तिथे चाचपडते. आणि आपल्या गायनाच्या एलपीत शेवटी काय असतं? भैरवी, अभंग, भजन. मैफलीचा जीव जिथे असतो नेमका तिथेच आवाज फाटतो. भाच्याच्या कागदावर लिहिलेलं होतं तेही हेच: 'शेवटच्या भजनात स-श फाटतात.'

मग सगळ्यांनी मायक्रोलाइनच घ्यावी का? पेटीतले ढीग आठवा. झिजलेल्या रेकॉर्डवर बारीक पिनेचं काय होईल ते आधी सांगता येत नाही. कधी ती खाचेच्या भिंतीच्या न झिजलेल्या भागाला टेकते आणि चमत्कार होतो. कधी तळाची वर्षानुवर्षांची घाण उकरते आणि जाड पिनेने झाकलेली खरखर उघडी पाडते. माझ्याकडे दोन्ही प्रकारच्या रेकॉर्ड आहेत. म्हणून चांगल्या रेकॉर्डला बारीक पिन आणि बाजारातून उचललेल्या अनोळखी रेकॉर्डला साधी लंबगोल, असं मी ठेवतो.

आयुष्याचा हिशेबही मांडा. ऑडिओ-टेक्निका आपल्या गोल पिनेला ५०० तास सांगते, लंबगोलला ३००, शिबाताला ८००, मायक्रोलाइनला १०००. एलपीच्या दोन बाजू मिळून चाळीस मिनिटं धरली तर ३०० तास म्हणजे ४५० एलपी. रोज एक ऐकणाऱ्याची लंबगोल पिन सव्वा वर्षात संपते. मायक्रोलाइनची किंमत दुपटीहून जास्त, आयुष्य तिपटीहून जास्त. घरच्यांना पटवायला हा हिशेब उपयोगी पडतो.

पायरी ६: नावं

आता नावं सांगतो, थोडक्यात.

तुमच्याकडे व्हीएम९५ई असेल तर कार्ट्रिज बदलूच नका. त्याच ठोकळ्यावर या घराण्याची कुठलीही पिन बसते: गोल, लंबगोल, मायक्रोलाइन, शिबाता, आणि ७८ साठीची एसपी सुद्धा. स्क्रू सोडायचे नाहीत, मोजमाप नाही, पिन ओढा आणि दुसरी ढकला. भाच्याने शेवटी हेच केलं. मायक्रोलाइनची एमएल पिन घेतली, सात नावांचा कागद फ्रिजवर तसाच आहे.

ऑर्टोफॉन ही १९१८ ची डॅनिश कंपनी. तिचं २एम रेड ५.५ मिलिव्होल्ट देतं, आवाज जोमदार, हिंदी सिनेमाच्या गाण्यांना छान. पुढे वाटलं तर त्याच ठोकळ्यावर २एम ब्लूची पिन चालते. ब्राँझ आणि ब्लॅकची जोडी वेगळी, त्यांच्या पिना रेडवर चालवायच्या नाहीत. नागाओकाचं एमपी-११० ज्यांना टोचरा आवाज सोसत नाही त्यांच्यासाठी. हार्मोनियम आणि गळा यावर भरीव वाजतो असं माझं मत. डेनॉनचं डीएल-१०३ हे जपानच्या एनएचके रेडिओसाठी साठच्या दशकाच्या सुरुवातीला बनलेलं, आजही मिळतं आणि सगळे त्याचं नाव काढतात. पण ते ०.३ मिलिव्होल्टचं मूव्हिंग कॉइल आहे, दाब २.५ ग्रॅम. त्याचा प्रीअँप घरात येईपर्यंत थांबा.

शुअरने २०१८ मध्ये कार्ट्रिज बनवणं बंद केलं. तरी 'सीलबंद शुअर' म्हणून खोकी फिरत असतात. खोकं खरं असलं तरी आतलं रबर तितकंच जुनं, आणि नकली मालही भरपूर. वापरलेली पिनही विकत घेऊ नका. तिचे किती तास उरलेत हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

पायरी ७: बसवणं

पूर्ण कार्ट्रिज बदलत असाल तर एक सकाळ मोकळी ठेवा. टर्नटेबलचा प्लग काढा. नट सैल करून हेडशेल काढा आणि टेबलावर पांढरं कापड अंथरून त्यावर काम करा, स्क्रू तिळाएवढे असतात. पंखा बंद. पिनेवरचं टोपण शेवटपर्यंत ठेवा, किंवा पिन ओढून बाजूलाच ठेवा. लोखंडी चिमटा घेऊ नका, कार्ट्रिजमधला चुंबक त्याला झपकन ओढतो आणि टोक नेमकं कँटिलिव्हरवर बसतं. सराफ बाजारात सोनारांची हत्यारं मिळतात तिथून मी पितळी चिमटा आणि भिंग आणलं. या छंदातली ती माझी सगळ्यांत शहाणी खरेदी असावी.

चार रंगांच्या बारीक वायरी: लाल उजवीचं टोक, हिरवी उजवीची परतीची, पांढरी डावीचं टोक, निळी डावीची परतीची. वायरीच्या टोकाची नळी सैल असेल तर चिमट्याने अगदी हलकी दाबा. घट्ट असेल तर टूथपिकने रुंद करा. कार्ट्रिजच्या काट्यांना सोल्डरिंग कधीही करू नका, आतली तार केसाहून बारीक असते.

स्क्रू अर्धवट कसा आणि कार्ट्रिज पुढे-मागे सरकवून जागेवर आणा. टेक्निक्सच्या आर्मला माप सोपं आहे: हेडशेलच्या मागच्या टोकाला जिथे रबरी वॉशर असतो तिथपासून हिऱ्याच्या टोकापर्यंत ५२ मिलिमीटर. इतर आर्मसाठी दोन ठिपक्यांचा छापील कागद वापरतात, तो दांड्यात अडकवून पिन ठिपक्यावर टेकवायची आणि कँटिलिव्हर कागदावरच्या रेघांना समांतर करायचा. ठोकळ्याची कड बघू नका, कँटिलिव्हर बघा. तो ठोकळ्यात तिरका बसलेला असू शकतो.

माझी फजिती या मापातच झाली. ५२ मिलिमीटरची पट्टी मी एका झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणली. यंत्राने पान कागदात बसवायला म्हणून तीन टक्के लहान केलं. ५२ चे ५०.४ झाले, पिन दीड मिलिमीटर मागे बसली, आणि महिनाभर मी नव्या बारीक पिनेला शिव्या देत बसलो की भैरवी जुन्या पिनेहून वाईट कशी वाजते. शेवटी मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी त्या कागदावर ठेवली तेव्हा उलगडा झाला. छापील कागद हातात आला की आधी पट्टी लावा.

मग दाब. अँटिस्केट (आर्मला आतल्या बाजूला खेचणाऱ्या जोराला तोलणारी कळ) शून्यावर, टोपण काढा, मागचं वजन फिरवत आर्म जमिनीला अगदी समांतर तरंगवा. भाच्याची चूक आठवा, डोळा आर्मच्या उंचीला आणून बघा. आता फक्त पुढची रिंग शून्यावर आणा, आणि मग अख्खं वजन फिरवून हवा तो आकडा. काट्याने तपासा. अँटिस्केट दाबाच्याच आकड्यावर ठेवून सुरुवात करा.

आर्मची उंची: रेकॉर्डवर पिन टेकलेली असताना आर्मच्या मागे एकरेघी वहीचं पान उभं धरा, आर्म रेघांना समांतर दिसला पाहिजे. टेक्निक्सवर तळाची रिंग ६ मिलिमीटरपर्यंत वर-खाली होते. समोरून बघताना छोटा आरसा रेकॉर्डच्या जागी ठेवा आणि पिन त्यावर हलकेच टेकवा. हेडशेल आणि त्याचं प्रतिबिंब एका सरळ रेषेत आलं तर ते डावी-उजवीकडे कललेलं नाही.

हे सगळं करताना अंगात स्वेटर नको. जानेवारीतल्या एका सकाळी, बाहेर धुकं आणि घरात गारठा, माझ्या बाहीचा एक लोकरीचा धागा पिनेत अडकला आणि मी चहा घ्यायला उठलो. कँटिलिव्हर नव्वद अंशात वाकला. तो सरळ करता येत नाही, प्रयत्नही करू नका, तुटतोच.

वाजायला लागल्यावर

घूं असा आवाज आला तर आधी टर्नटेबलची अर्थिंगची (ग्राउंड) बारीक वायर अँपच्या मागच्या स्क्रूला लागली आहे का बघा. जुन्या इमारतींत आणि पंचवटीतल्या वाड्यांत मूळ अर्थिंगच संशयास्पद असतं, तिथे इलेक्ट्रिशियन बोलवा. वाड्यातली लाकडी तक्तपोशी असेल तर माणूस चालला की पिन उडते. तिथे टर्नटेबल भिंतीला ठोकलेल्या फळीवर न्या.

थंडीत पिनेचं रबर ताठरतं. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पहिली रेकॉर्ड जरा आवळलेली वाजली तर पिनेला दोष देऊ नका, खोली ऊबदार होऊ द्या. पावसाळ्यात रेकॉर्डवर बुरशीचे पांढरे ठिपके येतात, तशी रेकॉर्ड न धुता नव्या पिनेखाली घालू नका. आणि देवघर शेजारी असेल तर उदबत्ती-कापराची काजळी पिनेवर बसते, पंधरा दिवसांत भिंगातून काळा थर दिसतो. पिन पुसायचा ब्रश मागून पुढे, नेहमी एकाच दिशेने.

नव्या पिनेच्या खोक्यावर बसवल्याची तारीख पेन्सिलने लिहा, आणि दहा एलपी झाल्या की एक रेघ. भाच्याच्या खोक्यावर आता अकरा रेघा आहेत. जुनी व्हीएम९५ई ची पिन त्याने टोपण लावून टेबलाच्या खणात ठेवली आहे. बुधवारच्या बाजारातून आणलेली अनोळखी रेकॉर्ड पहिल्यांदा तिच्यावरच वाजते.